दोन पदव्यांचा एक मंगळवार

सकाळी साडेसहा

ऑक्टोबर संपत आला की ओहायोत पावणेआठशिवाय उजाडत नाही. ओबर्लिन कॉलेजच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, रीड करायच्या खोलीत मात्र दिवे लागलेले असतात आणि दोन-तीन मुलं माना खाली घालून सुरीने काहीतरी खरवडत बसलेली असतात. त्यातली एक माझी भाची. बहीण न्यू जर्सीत असते. मुलीला सहावीत शाळेच्या बँडमध्ये बासरी हवी होती, बासऱ्या संपल्या होत्या, म्हणून ओबो हातात दिला. तो काही सुटला नाही. आता ती इथे दुसऱ्या वर्षाला आहे आणि संगीत नि रसायनशास्त्र अशा दोन पदव्या एकदम करते आहे. मी नाशिकला गाण्याचा क्लास चालवते. हिचा एक दिवस सकाळपासून झोपेपर्यंत बघायचा, असं ठरवूनच मी आले होते. दिवस तिनेच निवडला. "मंगळवारी ये मावशी, मंगळवार सगळ्यात वाईट असतो."

ओबो हे सनईच्या जातीचं वाद्य. निमुळती होत गेलेली नळी आणि तोंडाशी दोन पात्यांची पत्ती, म्हणजेच रीड. फुंकलं की ती पाती थरथरतात आणि आवाज उठतो. सनईवाले जादा पत्त्या वाद्यालाच दोऱ्याने लटकवून ठेवतात. ओबोवाल्यांच्या खिशात डबी असते. डबीत सात-आठ पत्त्या, त्यातल्या दोन धड, एक बरी, बाकीच्या आशेवर ठेवलेल्या.

दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागात वाढणारा बोरूसारखा पोकळ नळ तिच्यापुढे ओला करून ठेवला होता. तो उभा चिरायचा, आतून कोरत कोरत मधोमध साधारण अर्ध्या मिलिमीटरवर आणायचा, साच्यावर धरून कडा कापायच्या, मग दुमडून 47 मिलिमीटरच्या धातूच्या नळीवर दोऱ्याने घट्ट बांधायचा. दोरा एक वेढा जास्त गेला तरी पाती एकमेकांवर नीट मिटत नाहीत. इथवरचं काम सुताराचं. पुढे टोक उघडून दोन पात्यांमध्ये धातूची पातळ जीभ सरकवायची आणि सुरीने तासायला लागायचं. टोक इतकं पातळ करायचं की दिव्यासमोर धरलं तर उजेड आरपार दिसावा. त्यामागे थोडी जाड पट्टी, तिच्यामागे पुन्हा उतार. दोन हात खरवडायची, ओठात धरून फुंकून बघायची, पुन्हा खरवडायची. नुसती पत्ती फुंकली की कावळ्यासारखा कर्कश आवाज येतो, आणि त्या आवाजाला हे लोक कावळाच म्हणतात. त्या कावकावीत 'सी' हा सूर खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही सप्तकांत एकदम ऐकू आला तर पत्ती जमली. तिची जमली नाही. तिने डाव्या पात्यावरून जेमतेम धूळ निघेल एवढाच हात फिरवला आणि पुन्हा फुंकली. आता जमली.

पत्त्या विकतही मिळतात, पण महाग पडतात आणि दुसऱ्याच्या ओठाला बसतील अशा असतात. शिवाय पत्तीची लांब तासणी ही अमेरिकी ओबोवाल्यांची ओळख आहे. मार्सेल ताब्युतो नावाचा फ्रेंच वादक 1915 ते 1954 फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात होता आणि कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचा. इथले बहुतेक ओबोवादक शिष्याचे शिष्य करत करत त्याच्यापर्यंत जाऊन पोहोचतात. म्हणजे घराणंच की! आपल्याकडे घराणं गळ्यातून ओळखू येतं, यांचं सुरीच्या हातावरून.

चांगली पत्ती आठवडाभर टिकली तर नशीब. हिवाळ्यात खोल्या गरम करतात, हवा कोरडी पडते आणि काल गाणारी पत्ती आज तोंड मिटून बसते. तासाभरात भाचीची एक पत्ती झाली, एक फुकट गेली.

आठ

रॉबर्टसन हॉल म्हणजे नुसत्या रियाजाच्या खोल्या, सुमारे दीडशे. कॉन्झर्व्हेटरीच्या या इमारती 1960 च्या दशकात मिनोरू यामासाकीने बांधल्या. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरेही त्याचेच. पांढऱ्या, उभ्या कमानींच्या जाळीदार भिंती बघितल्या की दोन्हींचा बाप एक आहे हे सांगावं लागत नाही. 1877 पासून इथे स्टाइनवेचेच पियानो घेतात आणि आज ते दोनशेच्या वर आहेत. आमच्या क्लासात एका पेटीला बारा विद्यार्थी असतात, एवढं बोलून मी पुढे जाते.

भाची पाऊण तास फक्त लांब सूर लावत होती. एकेक सूर शून्यातून उचलायचा, फुगवायचा, परत शून्यात नेऊन ठेवायचा. खर्ज भरणं ते हेच. शेजारच्या खोलीत कुणीतरी शोपँच्या एकाच ओळीची वीस वेळा धुलाई करत होतं, त्यापलीकडे ट्रॉम्बोन. भिंती जाड असल्या तरी सगळं झिरपतं. "त्रास नाही होत?" मी विचारलं. ती म्हणाली, "कुणी थांबलं की होतो."

नऊ

श्रवणाचा वर्ग. पहिली दोन वर्षं सगळ्यांना सक्तीचा, मग तुम्ही कितीही मोठे वादक असा. वर्गात पंधरा-सोळा मुलं. शिक्षिका पियानोवर चार आवाजांत चालणारी एक छोटी रचना वाजवतात आणि मुलांनी ती कागदावर उतरवायची. आधी सगळ्यात खालचा आवाज, मग सगळ्यात वरचा, मग मधले दोन. चार-पाच वेळा ऐकवतात, त्यापेक्षा जास्त नाही.

मी मागच्या बाकावर बसून कागद घेतला. वरची ओळ मला पहिल्याच फेरीत सरगमीत मिळाली आणि मी मनातल्या मनात फुशारले. खालची ओळ शेवटपर्यंत हाती लागली नाही. भाचीचंही नेमकं हेच दुखणं. लहानपणी सुट्टीत नाशिकला आली की मी तिच्याकडून सरगम घोटून घ्यायचे. षड्ज कुठेही ठेवा, ती बाकीचे सूर बरोबर त्यावर रचायची. त्याचा तिला सुरांमधली अंतरं ओळखायला फायदा होतो. पण आपला कान तंबोऱ्याच्या अचल आधारावर वाढलेला, तो वरच्या गाणाऱ्या सुराकडे धावतो. इथे आधारच दर मापाला पाऊल उचलतो आणि सगळा अर्थ त्या पावलात असतो. चेलोवाली एक मुलगी मात्र खालची ओळ न थांबता लिहीत सुटली होती. जन्मभर तळात बसून वाजवलेलं, दुसरं काय!

दहा

कॉफी, केळं, आणि संगीत-इतिहासाच्या वर्गासाठी वाचायची राहिलेली पानं. या तासात सांगण्यासारखं काही नाही.

अकरा

आठवड्याचा धडा, एक तास, गुरू आणि शिष्य एकटे. मला कोपऱ्यात बसायची परवानगी मिळाली होती. ही मुलं गुरूंना नावाने हाक मारतात. माझ्या पोटात गोळा आला, पण दोघांनाही त्याचं काही नव्हतं.

ब्राम्सच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोचा दुसरा भाग ओबोने उघडतो. सुरुवातीची दोनेक मिनिटं ओबो गातो, बाकीची फुंकवाद्यं त्याला आधार देतात, आणि ज्याच्या नावावर कार्यक्रम आहे तो व्हायोलिनवादक हातात वाद्य धरून नुसता उभा. सारासाते या व्हायोलिनवादकाने हा कॉन्चेर्तो याच कारणासाठी वाजवायला नकार दिला असं सांगतात: साऱ्या संथ भागातलं एकमेव गाणं ओबो वाजवणार आणि मी ऐकत उभा राहू? कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात हे ओबोचं काम या वेळी माझ्या भाचीकडे आलं आहे.

गुरूंनी तिला पहिली आठ मापं वाजवू दिली आणि थांबवलं. सुराबद्दल अवाक्षर नाही. "श्वास कुठे सोडलास?" 'घेतलास' नव्हे, 'सोडलास'. मला आधी वाटलं, माझीच ऐकण्यात गल्लत झाली. मग उलगडलं. गायकाचा दम संपतो, बासरीवाल्याचाही संपतो. ओबोवाल्याचा उरतो. पत्तीची फट इतकी बारीक की हवा पुरेशी जातच नाही. छाती भरलेली राहते, पण आतली हवा शिळी होते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून आधी उरलेली हवा बाहेर टाकायची आणि मग ताजी घ्यायची. दोन्हीला एकाच ठिकाणी वेळ मिळाला तर ठीक, नाहीतर इथे नुसता सोडायचा, चार सूर तसेच वाजवायचे आणि पुढच्या जागी घ्यायचा.

गुरूंनी पेन्सिल घेतली आणि तिच्या कागदावर दोन निरनिराळ्या खुणा करायला सुरुवात केली, सोडण्याची एक आणि घेण्याची एक. प्रत्येक खुणेवर वाद झाला. "इथे सोडलास तर वाक्य तुटतं." "पण तिथपर्यंत टिकत नाही." "मग आधीच्या ओळीत कमी घे. भरून घेतेस म्हणून गुदमरतेस." पाऊण तास हेच चाललं, चाळीसेक मापांतल्या श्वासांचा हिशोब. गेली तीस वर्षं मी मुलांना पोटातून श्वास भरून घ्यायला शिकवते आहे. कमी घ्या असं कुणाला कधी सांगितल्याचं आठवत नाही, आणि ख्यालाच्या संथ बढतीत ते सांगून बघण्यासारखं आहे.

या तासाची खरी किंमत त्या खोलीबाहेर कळते. मोठ्या विद्यापीठांच्या संगीत विभागांत पदव्युत्तर आणि डॉक्टरेटचे विद्यार्थी असतात. अवघड जागा त्यांच्याकडे जातात आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पुष्कळदा तेच शिकवतात. ओबर्लिनमध्ये असे विद्यार्थी जवळजवळ नाहीत. कॉन्झर्व्हेटरीत पाचशे-सहाशे मुलं, सगळं कॉलेज धरलं तरी तीन हजारांच्या आत. म्हणून एकोणीस वर्षांच्या मुलीच्या वाट्याला ब्राम्स येतो आणि मुख्य प्राध्यापक तिच्या पेन्सिलीच्या खुणांवर पाऊण तास घालवतात. लहान कॉलेजाचा मोठेपणा म्हणून माहितीपत्रकात चार पानं भरतात. मला तो एवढ्या एका गोष्टीत दिसला.

साडेबारा

सहकारी भोजनगृहात जेवण. विद्यार्थ्यांनी चालवलेली अशी भोजनगृहं इथे 1950 पासून आहेत. सामान आणणं, रांधणं, वाढणं, घासणं सगळं मुलांचं. आठवड्याला चार-पाच तास काम करायचं. आज राजमा, ब्राऊन राइस आणि मीठ विसरलेली कोबीची भाजी. शेजारी बसलेला मुलगा भूगर्भशास्त्राचा, समोरची मुलगी नृत्याची. ओबो कोण वाजवतं आणि सोमवारी पातेलं कोणी जाळलं, दोन्ही सगळ्यांना माहीत.

दीड

सेंद्रिय रसायनाची प्रयोगशाळा, तीन तास. मला आत घेतलं नाही, आणि बरोबरच केलं. दाराच्या काचेतून दिसलं तेवढं सांगते. चहाच्या पत्तीतून कॅफिन वेगळं काढायचं होतं. चहा सोड्याबरोबर उकळायचा, गाळायचा, मग नासपतीच्या आकाराच्या काचपात्रात दुसऱ्या द्रावकाबरोबर हलवायचा. जोरात हलवला की दोन थरांमध्ये फेसाळ चिखल होतो आणि तो बसायला अर्धा तास जातो. भाची पात्र इतकं हळू कलंडवत होती की मला सकाळची सुरी आठवली. सव्वाचारला सुटायचं तर चिखल परवडणारा नव्हता.

संगीताबरोबर रसायन कशाला, असं नात्यातल्या प्रत्येकाने तिला विचारून झालं आहे. आपण उत्तरही आपलंच देतो: पोटापाण्याची सोय. ओबर्लिनचं पाच वर्षांचं दुहेरी पदवीचं हे शिक्षण मात्र त्या हिशोबाने चालत नाही. पियानोवादक जेरेमी डेंक याने इथेच पियानो आणि रसायनशास्त्र अशा दोन पदव्या घेतल्या. पुढे तो पियानोवादक झाला, मॅकआर्थर फेलोशिप मिळवली, पियानोइतकंच त्याच्या लेखनासाठीही ओळखला जातो. रसायन त्याच्या पोटाला लागलं नाही. 'सोय' म्हणून दुसरा विषय घेणारं पोर तिसऱ्या सत्रापर्यंतही टिकणार नाही, कारण वेळापत्रक इतकं निर्दय आहे की दोन्ही गोष्टी मनापासून हव्या असल्याशिवाय कुणी सकाळी सहाला उठत नाही. बरीच मुलं मध्येच एक पदवी सोडतात. त्याला इथे कुणी नापास होणं म्हणत नाही.

त्या तीन तासांत मी गाव हिंडले. गाव म्हणजे मधोमध टॅपन स्क्वेअर नावाचं हिरवं मैदान आणि भोवती आठेक हजार वस्ती, क्लीव्हलंड तासाभरावर. 1833 मध्ये दोन धर्मनिष्ठ माणसांनी रानात काढलेलं हे कॉलेज. 1835 पासून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश, 1841 मध्ये तिघी स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीची पदवी. म्हणजे सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात शाळा सुरू केली त्याच्या सात वर्षं आधी. कॉन्झर्व्हेटरी 1865 ची. 1908 मध्ये पियानो आणि संगीतरचना घेऊन इथून पदवीधर झालेला रॉबर्ट नॅथॅनिएल डेट हा गुलामांच्या वंशातला होता. चर्चमधली समूहगाणी त्याने मैफलीच्या मंचावर नेली. अगदी अलीकडची रिआनन गिडन्स. ती इथे ऑपेरा शिकली आणि बाहेर पडून बँजो उचलला. 2023 मध्ये तिला ऑपेरासाठीच पुलित्झर मिळालं.

विज्ञान केंद्रात चार्ल्स मार्टिन हॉलचा अॅल्युमिनियमचा पुतळा आहे. हॉल इथला 1885 चा पदवीधर. पुढच्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, घराच्या लाकूडकोठारात त्याने विजेने स्वस्त अॅल्युमिनियम काढायची रीत शोधली. घरात चमचे-पातेली आली त्याच्या मुळाशी तो आहे. गडी पियानोही वाजवायचा. पुतळा वजनाला इतका हलका की मुलं तो उचलून भलत्याच जागी नेऊन ठेवायची. शेवटी ग्रॅनाइटच्या ठोकळ्यावर चिकटवून टाकला. कॉलेजच्या कलासंग्रहालयातून सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना अस्सल चित्रं नाममात्र भाड्याने खोलीत लावायला मिळतात, 1940 पासून. त्यांत पिकासोही असतो. मुलं आदल्या रात्री रांगेत झोपतात म्हणे. भाचीने पिकासो आणला नव्हता. तिच्या खोलीत खिळ्याला ओबो साफ करायची पिसं टांगलेली होती.

साडेचार

फिनी चॅपल, 1908 ची दगडी इमारत, आत हजारावर माणसं मावतात. भाची केसांना प्रयोगशाळेचा वास घेऊन धावत आली. पत्ती पाण्यात भिजत घातली, डबीतल्या तीन फुंकून बघितल्या, सकाळचीच घेतली. मग ऑर्केस्ट्राने तिच्याकडे बघितलं. सगळ्यांना सूर ओबो देतो: ए, सेकंदाला 440 कंपनं, आपली पांढरी सहा. ओबोचा आवाज धारदार, गर्दीतून वर येणारा आणि सहजासहजी न ढळणारा. सत्तर-ऐंशी माणसं तिच्या एका सुरावर आपापली वाद्यं लावत होती आणि मला उगाचच तिच्या आजीची आठवण झाली. देवघरात तिने आरती उचलली की घरभर बाकीचे तोच सूर धरायचे.

ब्राम्सचा दुसरा भाग आला. पेन्सिलीची पहिली खूण जमली. दुसरी चुकली: सोडायच्या जागी तिने घेतला आणि चार मापांनी सूर किंचित चढला. संचालकांनी काही थांबवलं नाही. वाजवता वाजवताच तिची मान जराशी हलली, स्वतःलाच नाही म्हटल्यासारखी. दुसऱ्या फेरीत तिने तीच जागा सांभाळली. व्हायोलिनवाली चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी, सारी दोन मिनिटं धनुकली खाली सोडून, डोळे मिटून ऐकत होती. सारासातेपेक्षा शहाणी.

तालीम म्हणजे नव्वद टक्के थांबणं. "व्हायोला, तो सूर आणखी आखूड." "हॉर्न, उशिरा येता." आपल्या साथसंगतीत तबलजीकडे एक नजर टाकली की काम होतं, इथे ऐंशी जणांच्या नजरा जुळवायच्या तर बोलावंच लागतं. वाजवलं कमी, बोलणं जास्त, हे मला शेवटपर्यंत पचलं नाही.

साडेसहा

पुन्हा भोजनगृह. आज जेवणानंतर भांड्यांची पाळी हिची. जर्मनच्या अवाढव्य पातेल्यात कोपरापर्यंत हात घालून ती तळ घासत होती आणि मी पुसत होते. ओबोवालीच्या बोटांना हे चालतं का? "चालतं. सुरीने कापलेली बोटं तेवढी झोंबतात."

भांडी पुसताना मी मला खटकलेलं बोलून टाकलं. सकाळपासून इतकं संगीत ऐकलं, पण कुणी निवांत, आपल्यासाठी वाजवत बसलंय असं दिसलं नाही. प्रत्येक सूर कशाच्या तरी तयारीसाठी. धड्यासाठी, तालमीसाठी, परीक्षेसाठी. आपल्याकडे चांगला विद्यार्थी कधीतरी नुसता यमन घेऊन बसतो, कुठेही पोहोचायचं नसतं. ती थोडा वेळ गप्प घासत राहिली. मग म्हणाली, "ते जानेवारीत." जानेवारीचा महिना इथे वर्ग नसतात, प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक काम निवडून त्याच्यामागे महिना घालवायचा. हिला नाशिकला येऊन सनई शिकायची आहे, आणि पत्ती करण्यापासून शिकायची आहे. मी हो म्हटलं आहे. आता शिकवायला तयार असा सनईवादक शोधते आहे. लग्नसराईत त्याला वेळ असेल का, हा प्रश्न आहेच.

आठ

कुलास सभागृहात तिच्या मैत्रिणीचं बॅसून या फुंकवाद्याचं वादन, तिसऱ्या वर्षाचं. फुकट आणि सगळ्यांना खुलं. असे कार्यक्रम इथे वर्षाला शेकडो होतात. सां-सांसचा सोनाटा होता, 1921 चा, म्हातारपणी मृत्यूच्या वर्षी लिहिलेला. श्रोत्यांत बॅसूनवाले थोडे. बाकी प्रयोगशाळेतली जोडीदारीण, भोजनगृहातली मंडळी, गावातल्या दोन वृद्ध बाया आणि दुपारी जेवताना शेजारी बसलेला तो भूगर्भशास्त्राचा मुलगा. मुंबई-पुण्याच्या मोठ्या सभागृहात वाजवणाऱ्याला समोर कोण बसलंय ते ठाऊक नसतं. इथे प्रत्येकजण ठाऊक असतो, आणि उद्या सकाळी नाश्त्याला तोच समोर बसणार असतो. त्या मुलीच्या बोटांना पहिली पाच मिनिटं कंप होता. माझ्या मते अनोळखी श्रोते सोपे जातात.

साडेनऊ

रॉबर्टसन. ब्राम्सची ती एकच जागा, मग फर्लिंगच्या अभ्यासमाला, मग सूरपंक्ती. खोलीच्या दाराला काचेची फट आहे. तिच्यातून बाहेरचा माणूस आत कोणी आहे का बघतो आणि निघून जातो. मी पाऊण तास बसले आणि मग मला झोप अनावर झाली. ती वाजवतच होती.

अकरानंतर कॅफिनचा अहवाल. किती ग्रॅम चहातून किती मिळालं, का कमी मिळालं. कमी मिळण्याचं कारण तिने प्रामाणिकपणे लिहिलं: पात्र फार हळू हलवलं. एक वाजता दिवा बंद.

माझ्या क्लासातल्या पालकांपैकी काही जण अलीकडे परदेशातल्या अशा कॉलेजांची चौकशी करतात. त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. खर्च मोठा आहे. फी आणि राहणं-जेवण धरून ओबर्लिनसारख्या ठिकाणी वर्षाला 80,000 डॉलरच्या वर जातो, दुहेरी पदवीला पाच वर्षं लागतात, आणि शिष्यवृत्ती मिळाली नाही तर बहुतेक घरांनी या वाटेला जाऊ नये. दुहेरी पदवीसाठी कॉलेज आणि कॉन्झर्व्हेटरी या दोन्हींकडे स्वतंत्रपणे निवड व्हावी लागते. वाद्याची परीक्षा वेगळी, गुणपत्रिका वेगळी. अर्ज भरण्याआधी ज्यांच्याकडे शिकायचं त्यांना लिहून एक धडा मागा. बरेच शिक्षक देतात, आणि त्या एका तासात जे कळतं ते कुठल्या क्रमवारीत छापलेलं नसतं. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून एवढं विचारा: तुम्हाला कोण शिकवतं, प्राध्यापक की त्यांचे विद्यार्थी? उत्तर दुसरं असेल, तर ते पैसे घरीच ठेवा.